रोजची वही कुणासाठी?

(कोल्हापुरात कलाशिक्षक आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय 'रोजचा सराव, थकवा आणि बदलती शैली' असा छापलाय. आयोजकांनी फोनवर विचारलं तेव्हा मीच तो सांगितला होता, त्यामुळे तिन्हींबद्दल बोलणं मला भाग आहे. पण तिन्हींच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे बोलता बोलता मी कुठे लांब गेले तरी ती तुमच्यापाशी राहील. चित्रकारानं रोज काढावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र रोज काढलेलं रोज दाखवू नये. आज आपली तरुण मुलं थकलेली दिसतात, त्यात हात चालवण्याचा वाटा थोडा आहे. रोज लोकांपुढे उभं राहण्याचा वाटा फार मोठा आहे. आणि शैली बदलायची तर तिला कुणी बघत नाही अशी एक जागा लागते. ती जागाच आपण मुलांकडून काढून घेतली आहे.

हे कोल्हापुरात उभं राहून बोलायला मला विशेष बळ येतं. चित्रकार आबालाल रहिमान, म्हणजे तुमचे आबालाल मास्तर, त्यांच्याबद्दल मी तुम्हाला काय सांगणार, तुम्ही त्यांच्या गावचे. शाहू महाराजांचा आश्रय मिळालेला हा माणूस रंकाळा आणि कोटितीर्थ ही तळी, झाडं, पाणी, गुरं हेच पुन्हा पुन्हा काढत राहिला. १९२२ साली महाराज गेले तेव्हा आबालालांनी आपली ढिगानं चित्रं कोटितीर्थात सोडून दिली, अशी कथा तुमच्याकडे सांगतात. ती अक्षरशः किती खरी, हे अभ्यासकांवर सोपवू. मी ती कथा ऐकते तेव्हा माझं लक्ष बुडवण्याकडे जात नाही, त्या ढिगाकडे जातं. एवढी चित्रं साठली होती! कुणी मागितलेली नव्हती, कुठे लावायची ठरलेली नव्हती, तरी एक माणूस ती काढत होता.

गाण्यात हे आपल्याकडे सगळ्यांना कळतं. गवई पहाटे खर्ज लावून बसतो, एकच पलटा तासभर घोटतो, त्याला तिकीट नसतं. भिंतीपलीकडचे शेजारीसुद्धा त्याला मैफल समजत नाहीत. आवाज फाटला, दम अपुरा पडला तर पुन्हा तेच. दाद मिळत नाही आणि कुणी नाकही मुरडत नाही. चित्रकलेतली रियाजाची खोली मात्र गेल्या दहा-बारा वर्षांत चव्हाट्यावर आली. फोन हातात आला, कागदावरची शाई वाळायच्या आत चित्र शेकडो माणसांपर्यंत जायला लागलं. ऑक्टोबर आला की जगभर 'इंकटोबर' सुरू होतं. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकारानं २००९ मध्ये ते सुरू केलं ते स्वतःचं शाईचं काम सुधारावं आणि चांगली सवय लागावी म्हणून. महिनाभर रोज एक शाईचं चित्र. कल्पना उत्तम आहे, आणि त्या निमित्तानं पहिल्यांदा निब हातात धरलेली कितीतरी मुलं मला माहीत आहेत. पण नोव्हेंबरमध्ये त्यातली किती काढताना दिसतात? तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला उत्तर ठाऊक आहे.

पूर्वीही रोजच्या वह्या होत्याच. चित्रकार प्रभाकर बरवे आठवा. १९३६ ते १९९५ एवढंच आयुष्य. त्यातली कितीतरी वर्षं हा माणूस डायऱ्या लिहीत होता, आणि लिहिता लिहिता काढत होता. एखादा आकार, एखादं पान, घड्याळ, त्याच्या शेजारी दोन ओळी. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा आपल्यासारख्यांना त्या वह्यांचं दर्शन झालं. बरवे जाऊन तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. त्यांच्या 'कोरा कॅनव्हास' या पुस्तकातलं विचारांचं सूत्र इतकं घट्ट कशानं झालं असेल, असा प्रश्न मला कॉलेजात पडायचा. त्या डायऱ्यांत त्याचं उत्तर आहे. तिथं विचार आधी अर्धवट, अडखळत येतो आणि त्याला कुणी घाई करत नाही.

दुसरं नाव गोव्याचं. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा. जन्म १९२६, दमणचा. वाढले लोटलीच्या घरात. लहानपणी भिंती रंगवायचे म्हणून आईनं त्यांना कोरी वही आणून दिली. प्रत्येक कलाशिक्षकानं त्या माउलीचं स्मरण करावं असं मला वाटतं! तिनं हात थांबवला नाही, त्याला जागा दिली. पुढे तरुणपणी मारिओ रोजनिशी ठेवायचे ती चित्रांची. आज गावात फेस्त, आज पाद्री आले, आज अमक्याच्या घरी नाच झाला, आज कुत्रा भुंकला. चित्रकलेच्या शाळेत ते कधी शिकले नाहीत. सेंट झेवियर्समधून इतिहास घेऊन बी.ए. झाले. त्या १९४९, १९५०, १९५१च्या डायऱ्या आता छापून आल्यात, जरूर बघा. मुंबईत कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतीवर त्यांच्या चित्रांची जी गजबज दिसते, तिची सगळी माणसं त्या वह्यांतून आधीच येऊन गेलेली आहेत. डोळे मोठे आहेत, नाकं टोकदार व्हायला लागलीयत, पण अजून काही पक्कं झालेलं नाही. एका पानावर रेषा मऊ, दुसऱ्यावर काटेरी. लोटलीतल्या एका तरुणाला कुणी विचारत नव्हतं, 'तुझी शैली कुठली?' म्हणून त्याला ती सापडली.

आता मी एक गोष्ट सांगणार आहे, ती थोडी लांब आहे.

पुण्यात आम्ही काही जण रविवारी सकाळी बाहेर बसून काढतो. असे गट आता गावोगावी आहेत. सिअॅटलच्या गॅब्रिएल कांपानारिओ या वृत्तपत्रातल्या चित्रकारानं २००७ मध्ये 'अर्बन स्केचर्स' सुरू केलं आणि ती पद्धत जगभर पसरली. अर्थात आपल्या आर्ट स्कूलची मुलं त्याच्या कितीतरी आधीपासून एसटी स्टँडवर आणि रेल्वे स्टेशनात पॅड घेऊन बसायची. झोपलेला हमाल हे तर आमच्या पिढीचं आवडतं मॉडेल, तो हलत नाही. तर एका रविवारी आम्ही मंडईत बसलो होतो. पुण्याची मंडई तुम्ही पाहिली असेल. १८८०च्या दशकातली इमारत, मधला अष्टकोनी मनोरा, दगडी कमानी, आणि खाली भाजीचा रंगीत गदारोळ. माझ्याबरोबर माझी एक जुनी विद्यार्थिनी होती. हात फार गोड. ती रोज एक रेखाटन काढून रोज फोनवरून सगळ्यांना दाखवायची, एक दिवस चुकवायची नाही. लोक तिला ओळखायला लागले होते, कामंही त्यातूनच मिळत होती.

ती एका भाजीवाल्या मावशींच्या समोर बसली. मावशींपुढे मेथी, शेपू, मिरच्यांचा ढीग. चित्र पूर्ण झालं तशी मावशींनी हात पुढे केला, "बघू." वही घेतली आणि बराच वेळ बघितली. मग म्हणाल्या, "कळस काढलास. कमान काढलीस. वरचं कबूतर पण काढलंस. माझा तराजू कुठाय?"

आम्ही सगळे हसलो. ती म्हणाली, "मावशी, राहिला."

"राहिला कसा? सकाळधरनं हातात त्योच धरून बसलीय. आन् मी अशी हसत न्हाय गिऱ्हाइकाशी. मेथीच्या जुडीला घासाघीस करणाऱ्याशी कोण हसंल?"

मंडळी, कलासमीक्षा म्हणतात ती हीच! चित्रातली मावशी खरंच हसत होती, कारण त्या मुलीच्या चित्रातल्या सगळ्याच बायका हसायच्या. लोकांना ते आवडायचं.

अकरा वाजता नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या वह्या ओट्यावर ओळीनं मांडल्या गेल्या आणि फोटो निघाले. माझी एक जुनी तक्रार आहे ती इथेच सांगते. सकाळी आठला बसलेला माणूस साडेदहापासून घड्याळ बघायला लागतो, कारण अकराला वही मांडायची असते. शेवटचा अर्धा तास तो मंडई बघत नाही, आपलं पान बघतो. गडद कुठे भरू, सही कुठे करू. हा अर्धा तास मला फार खुपतो.

परत येताना रिक्षात ती मुलगी गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, मावशींचा तराजू मला दिसलाच नाही. मी बघायच्या आधीच मला फोटो दिसतो." पुढे म्हणाली, "पेन टेकवतानाच कळतं, याला किती लाइक येणार."

तिचं हे वाक्य मी पुढे कितीतरी मुलांना ऐकवलं आणि प्रत्येकानं मान डोलावली. त्यानंतर काही महिन्यांनी तिचं काढणं थांबलं. कामं नव्हती असं नाही, कामं होती. वही उघडली की पोटात गोळा येतो, म्हणाली. मनगट दुखायला लागलं होतं त्यासाठी ती डॉक्टरांकडे गेली, विश्रांती घेतली, मनगट बरं झालं. तरी वही उघडेना. मी तिला पाठकोऱ्या कागदांचा एक गठ्ठा दिला. आमच्या घरी छापलेले, एका बाजूनं वापरलेले कागद नेहमीच साठतात. तिला म्हटलं, चहा उकळेपर्यंत काढायचं आणि कागद खोक्यात टाकायचा. मलासुद्धा दाखवायचा नाही. तिला ते आधी अपमानासारखं वाटलं असावं. इतका चांगला कागद वापरणारी मुलगी, तिला पाठकोरे! पण स्वस्त कागदाचा एक मोठा गुण आहे. त्याच्यावर काही बिघडत नाही, कारण तो आधीच बिघडलेला असतो.

बऱ्याच दिवसांनी फोन आला. "मॅडम, मी फक्त तराजू काढतेय." मंडईत जाते, म्हणाली, आणि तराजू काढते. काट्याचे, दोन पारड्यांचे, वजनं, वजनाऐवजी ठेवलेला दगड, आता आलेले आकडेवाले इलेक्ट्रिक काटे. तराजू धरणारा हात. पारडं खाली जातं तेव्हा मनगट कसं वळतं. मी ती चित्रं अजून पाहिलेली नाहीत. मागितलीही नाहीत. पण पुढच्या वर्षी तिनं चित्रं काढलेलं मुलांचं एक पुस्तक माझ्या हातात आलं आणि मी पहिल्या पानावरच थांबले. त्यातल्या माणसांच्या हातांना वजन होतं. आजी पातेलं उचलते तर पातेलं जड आहे हे दिसत होतं. आणि आजी हसत नव्हती.

ही गोष्ट मी इतकी सविस्तर का सांगितली? इथं बहुतेक शाळांतले शिक्षक बसलेत, आणि माझ्या मते हा रोग फोननं आणलेला नाही. फोननं तो वाढवला. तो सुरू होतो सातवी-आठवीत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांबद्दल माझ्या मनात राग नाही. उलट या ग्रेड परीक्षांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पॅड, पेन्सिल आणि पाण्याचा डबा पोचवला, असं काम दुसऱ्या कशानं केलं नसेल. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन, सगळी चांगली अंगं आहेत. पण स्मरणचित्राचं काय झालंय ते बघा. स्मरणचित्र म्हणजे पाहिलेलं आठवून काढायचं. क्लासमध्ये मुलांना आठवायला काय देतात, तर तयार आकृत्या. डोक्यावर पाटी घेतलेली बाई, फुगेवाला, सायकल धरलेला मुलगा आणि एक पाठमोरा माणूस. विषय 'बाजार' आला की हे चौघे बाजारात जातात, 'बसस्टॉप' आला की स्टॉपवर उभे राहतात, 'बाग' आली की बागेत. चेहरा अवघड, म्हणून पाठमोरे वाढतात. मी एकदा अशा एका वर्गात भिंतीवर लावलेली चित्रं बघत फिरले तर अख्ख्या गावानं माझ्याकडे पाठ केली होती!

त्या मुलांना विचारलं, "तुमच्या घराजवळचा बाजार कुठल्या वारी भरतो? तिथं काढायला बसलाय का?" एकही हात वर नाही. "रफ वही आहे का?" तर सगळ्यांकडे एकच वही, आणि तिच्या प्रत्येक पानावर शेरा. म्हणजे बाराव्या वर्षीच मूल शिकतं की चित्राचं प्रत्येक पान तपासलं जाणार. दहावीला ग्रेडचे वाढीव गुण मिळतात, पालक त्याचाच हिशेब मांडतात. त्या मुलाच्या हातात पुढे फोन आला की त्याला फक्त तपासनीस बदलल्यासारखं वाटतं.

थकव्याबद्दल थोडं नेमकं बोलते, कारण हा शब्द हल्ली कशालाही लावतात. मी दिवाळी अंकांसाठी कथाचित्रं काढत आलेय. मराठी चित्रकाराला श्रावण-भाद्रपदात श्वास घ्यायला वेळ नसतो, हे तुम्हाला माहीत आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही आपली खास मराठी गोष्ट आहे. दीनानाथ दलालांनी १९४५मध्ये 'दीपावली' सुरू केला तेव्हा तर संपादनाला चित्रकार बसला. या हंगामात माणूस दमतो. कथा उशिरा येते, चित्र काल हवं असतं, मान आखडते, डोळे चुरचुरतात. पण अंक छापून आला, चार दिवस झोप काढली, गावी जाऊन आलं की हे उतरतं. पुढच्या वर्षी फोन आला की आपण पुन्हा हो म्हणतो.

दुसरा थकवा असा उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे. त्याला त्यांनी आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घ ताण नीट हाताळला गेला नाही की येणारी ती अवस्था आहे. तिच्या तीन खुणा दिल्यात. शक्ती संपल्यासारखी वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. आता त्या मुलीकडे बघा. पोटात गोळा, वहीचा तिटकारा, आणि एवढा गोड हात असून 'मला काढता येत नाही' ही खात्री. तिन्ही जमल्या. आणि हे तिच्या पगाराच्या कामात झालं नाही, आवड म्हणून चालवलेल्या वहीत झालं. कारण आवडीच्या वहीला रोजची हजेरी, रोजचे गुण आणि रोजची गिऱ्हाइकं लागली होती. पैशाची ओढाताण, उशिरा येणारं मानधन यांनीही चित्रकार मोडतात, ते मी नाकारत नाही. पण त्या लढाईसाठी लागणारं बळ ज्या वहीतून यायचं, तीच वही आपण बाजारात मांडली.

इथं दर वेळी कुणीतरी हात वर करतं आणि विचारतं, "मग आर. के. लक्ष्मण?" तो हात वर यायच्या आधी उत्तर देते. लक्ष्मणांनी १९५१पासून 'यू सेड इट' हे रोजचं व्यंगचित्र काढलं, पन्नासहून अधिक वर्षं, रोज छापून. माझं म्हणणं खरं असेल तर त्यांनी पाच वर्षांत पेन खाली ठेवायला हवं होतं. पण लक्ष्मणांच्या आयुष्यात कावळे होते! म्हैसूरच्या लहानपणापासून त्यांना कावळ्याचं वेड. व्यंगचित्रांच्या धबडग्यात, कुठल्या मंत्र्याशी संबंध नसलेले, कुठल्या बातमीला न लागणारे कावळे ते आयुष्यभर काढत राहिले. पुढे ते कावळे लोकांनी पाहिले, प्रदर्शनांत लागले, हे खरं. पण ते कुणी मागवलेले नव्हते आणि सकाळच्या अंकासाठी नव्हते. रोज छापणाऱ्या माणसालाही कावळा लागतो, हा माझा मुद्दा लक्ष्मणांनीच सिद्ध केलाय.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. शैलीबद्दल मी अजून नीट बोललेच नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा भाग होता. भराभर सांगते.

लक्ष्मणांचाच धागा पुढे नेते. सुरुवातीला ते चित्रात देशभरच्या माणसांची गर्दी काढायचे. बंगाली, पंजाबी, मद्रासी, मराठी, सगळ्यांचे वेगळे पोशाख. रोजच्या वेळेच्या दडपणाखाली ती माणसं एकेक करून गळत गेली आणि शेवटी चौकड्याच्या कोटातला, टक्कल पडलेला एकच माणूस उरला, तो कॉमन मॅन. मुलांना वाटतं शैली म्हणजे काहीतरी मिळवायचं असतं. इथं ती काढून टाकण्यातून आली. हेही लक्षात घ्या की ती गळती वर्षानुवर्षं चालली होती आणि कुणी वाचक ती मोजत नव्हता.

दुसरं उदाहरण फिलिप गस्टन. न्यूयॉर्कचा नावाजलेला अमूर्त चित्रकार. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यानं रंगवणं थांबवलं आणि नुसतं रेखाटत बसला. एक रेघ, दोन रेघा. मग हळूहळू पुस्तकं, बूट, दिवे, घड्याळं अशा घरातल्या वस्तू यायला लागल्या. १९७०मध्ये त्यानं नवी, ओबडधोबड माणसांची चित्रं लावली तेव्हा समीक्षकांनी झोडपलं, जुने मित्र तुटले. आज त्याचं नाव त्या चित्रांसाठी जास्त घेतलं जातं. तो रोज आपलं रेखाटन लोकांपुढे टाकत असता, तर त्या दोन रेघांच्या पहिल्याच आठवड्यात लोकांनी त्याला परत अमूर्ताकडे ढकललं असतं, असं मला ठामपणे वाटतं. शैली बदलताना मधला काळ कुरूप असतो. जुनं सुटलेलं असतं, नवं हाताला लागलेलं नसतं. त्या काळात टाळ्या मिळाल्या तर त्या जुन्यालाच मिळतात.

जपानी चित्रकार होकुसाई. हे मला पूर्ण सांगायचं होतं, आता तुकडाच. १७६० ते १८४९. आयुष्यात तीसच्या वर नावं बदलली, दर बदलाबरोबर हात बदलला. १८३४मध्ये, पंचाहत्तरीला, त्यानं लिहून ठेवलं की सत्तरीच्या आधी मी काढलं त्यात लक्ष देण्यासारखं काही नाही. नव्वदीला गाभा कळेल, शंभरीला अजून पुढे जाईन. आणि पुढे ऐंशी ओलांडल्यावर १८४२-४३मध्ये त्यानं काय केलं? रोज सिंह काढले. जपानी दंतकथेतले सिंह, कधी नाचणारे, कधी सिंहाचा वेष घेतलेली माणसं. दिवसाची इडापीडा टळावी म्हणून, म्हणजे रोजचा एक उतारा. दोनशेहून जास्त पानं आज उरलीयत, जपानच्या क्यूशू राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. विकायला काढलेली ती नव्हती. त्यांतली रेघ बघाल तर ऐंशी वर्षांच्या माणसाचा हात इतका मोकळा कसा, याचं नवल वाटेल. मला त्याचं उत्तर सोपं वाटतं. त्या वेळी त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

आणि आपले चित्रकार गायतोंडे. त्यांच्याशिवाय हे व्याख्यान अपुरं राहील, कारण ते माझ्या 'रोज काढा'च्या विरुद्ध साक्ष देतात. नागपुरात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून १९४८ला पदविका घेतलेले वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकेच कॅनव्हास पूर्ण करायचे. बाकीचा काळ बसणं, बघणं, विचार. १९८४मध्ये अपघात झाला, मोठे कॅनव्हास बरीच वर्षं थांबले. त्या काळात ते कागदावर शाईनं छोटी कामं करत होते. कुणाच्या शरीरानं नाही म्हटलं तर मोठं काम थांबवावं, आकार लहान करावा. नुसतं बघत बसलात तरी तो सराव आहे. गायतोंड्यांचं उदाहरण मी पहिल्या वर्षाच्या मुलांना मात्र देत नाही. आधी हात तयार व्हावा लागतो, मग बसण्याला अर्थ येतो.

दोन मिनिटं. विद्यार्थ्यांनी दोन वह्या ठेवाव्यात. एक दाखवायची. तिच्यात चांगला कागद, नीट काम, महिन्यातून हवं तेव्हा लोकांपुढे, कामं मिळवायलाही तीच. दुसरी पाठकोऱ्या कागदाची. तिला तारीख घाला, सही घालू नका, फोटो काढू नका. रोज थोडं. ताप आला तर एक रेघ, मनगट दुखलं तर तेही नको. तिच्यात मुद्दाम ते काढा जे तुम्हाला जमत नाही आणि ज्याला कुणी दाद देणार नाही. पंचगंगेचा घाट तुम्हाला डोळे मिटून येतो, तो पहिल्या वहीत. दुसरीत घाटावरच्या धुणं आपटणाऱ्या बाईचं कोपर.

शिक्षकांना माझी एकच विनंती आहे, आणि त्यासाठीच मी कोल्हापूरला आले. वर्गात अशी एक वही सुरू करा. ती तपासू नका. शेरा नको, लाल पेन नको, 'छान' सुद्धा नको. मुख्याध्यापकांनी विचारलं तर सांगा की या वहीला गुण नाहीत. आठवड्यातून एक तासिका मुलांना शाळेबाहेर न्या, टपरी, बसस्टँड, आठवडी बाजार, जे जवळ असेल तिथं, आणि तुम्हीही त्यांच्या शेजारी बसून काढा. वर्षअखेरीस मुलांना त्या वह्या घरी घेऊन जाऊ द्या.

माझी वेळ संपली. प्रश्न बाहेर घेते. मनगटाच्या व्यायामाबद्दल ज्या दोघी मघाशी विचारत होत्या, त्या आधी या, माझी साडेसातची गाडी आहे.